नान्त हेलिगचं मेलेलं पाणी

तेग्वेन रिस ही आमच्या खोऱ्यातली सगळ्यात भित्री बाई. हे मी तिच्या माघारी बोलत नाही, ती स्वतःच सगळ्यांना सांगते. आयुष्यभर तिनं या डोंगरांतल्या शेतांवर टपाल वाटलं आणि आयुष्यभर ती भीतच राहिली. व्यालेल्या गाईंना भ्यायली, विजांना भ्यायली, बर्फावरून गाडी घसरून दरीत जाईल म्हणून भ्यायली. सगळ्यात जास्त भ्यायली ती ब्लाइनच्या कुत्र्याला. ब्लाइन म्हणजे आमच्या ओढ्याच्या उगमाशी असलेलं एम्लिन बेबचं शेत. एम्लिन एकटाच राहायचा, मेंढ्या पाळायचा आणि कुणाशी धड बोलायचा नाही. त्याच्या मॉट नावाच्या कुत्र्यानं तेग्वेनच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात तिची पोटरी फोडली, तेव्हा हा दारात उभा राहून म्हणाला होता, "तो चावतो हे तुला ठाऊक होतं ना? मग पाय कशाला पुढे केलास?" त्यानंतर ती त्याचं टपाल फाटकावरच्या पेटीत टाकायची आणि मागं न बघता गाडीकडे पळायची. पण टाकायची.

नवरा गेला, पाठोपाठ नोकरीही संपली, आणि ती घरातच बसायला लागली. फोन वाजला तरी दचकायची. तिचा धाकटा भाऊ इद्वाल, ओढ्याच्या डाव्या फाट्यावर त्याचं शेत आहे, तो एका रविवारी चॅपेलमधून निघताना तिला हाताला धरून आमच्या ओढ्याच्या मंडळात घेऊन आला. आम्ही मोजकीच माणसं आहोत. महिन्यातून एकदा ज्यानं त्यानं आपापल्या जागी नान्त हेलिगमध्ये, म्हणजे आमच्या या ओढ्यात, उतरायचं आणि पाण्यात काय काय जगतंय ते बघायचं, एवढंच आमचं काम.

"पाण्यात उतरायचं?" तेग्वेननं विचारलं.

"गुडघाभर पाणी असतं," इद्वाल म्हणाला.

"गुडघाभर पाण्यात माणसं बुडतात, इद्वाल."

"पालथी पडली तर. तू उताणी पड."

आम्हाला शिकवायला येस्टिन यायचा. मूळचा इथलाच, पण आता समुद्राकाठी राहतो, गाडीनं तासाभराच्या वाटेवर. त्यानं तिला दाखवलं: जाळीचं तोंड प्रवाहाकडे करायचं, तिच्यापुढे उभं राहून टाचेनं तळातले गोटे ढवळायचे. दगडांखाली दडलेलं सगळं वाहत जाळीत येतं. ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि ओळखायचं. दोन शेपट्यांच्या अळ्या, तीन शेपट्यांच्या अळ्या, अंगाभोवती वाळूचं घर बांधून राहणाऱ्या अळ्या, आणि गोड्या पाण्यातली बारकी कोळंबी, जी आडवी होऊन पोहते. ओढा बरा असेल तर ट्रे नुसता वळवळत असतो.

"पाणी कसं दिसतं त्यावर जाऊ नका," येस्टिन सांगायचा. "यांना विचारा. हे रात्रंदिवस तिथंच राहतात."

तेग्वेनला या कामाची ओढ लागली. पण भीती तिथंही आलीच. ट्रेमध्ये पाणी ओतताना ती दर वेळी डोळे मिटायची. "आज काहीच नसलं तर?" आम्ही हसायचो. नान्त हेलिगमध्ये काहीच नाही असं कधी झालंच नव्हतं.

सप्टेंबरातला शनिवार होता. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता आणि सकाळी ऊन स्वच्छ पडलं होतं. मी स्वयंपाकघरात होते. आमचं घर ओढ्याला लागून आहे, पूर्वी तिथं पिठाची गिरणी होती. सरकारी नळ आमच्याकडे आलेलाच नाही. ओढ्याचं पाणी गाळून घरात घेतलेलं आहे, तेच आम्ही पितो. दारावर थाप पडली म्हणून उघडलं तर तेग्वेन उभी. मांड्यांपर्यंत रबरी बूट, हातांत जाड हातमोजे, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेला पांढरा ट्रे. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"आज नळाचं पाणी प्यायलात का?" तिनं विचारलं.

"चहा झाला. का गं?"

तिनं ट्रे पुढे केला. मी आत बघितलं. पाणी काचेसारखं होतं. तळाशी अळ्या पडल्या होत्या, पोटं वर करून. कोळंब्या स्वल्पविरामासारख्या आखडून गेलेल्या. एकही पोहत नव्हती. काहींचे पाय मात्र अजून थरथरत होते, आणि ते बघवत नव्हतं.

"पुलाखाली तीन ठिकाणी घेतलं," ती म्हणाली. "सगळीकडे असंच. आणि मासे आहेत, गं. ट्राउट तशीच उभी आहे प्रवाहात. वरून बघितलं तर काहीसुद्धा झालेलं नाही."

माझी आई टेबलाशी बसली होती, ऐंशीच्या पुढची. तिनं कपाकडे पाहिलं. "चहा तर चांगला झाला होता," ती म्हणाली.

मी नळ बंद केला. माझ्या जिभेला एकदम कसलीतरी चव येऊ लागली, जी आधी नव्हती. तेग्वेननं आमच्या फोनवरून येस्टिनला गाठलं. ओढ्याकाठी मोबाइल लागत नाही. येस्टिनचा आवाज मला बाजूला उभं राहूनही ऐकू येत होता.

"मासे जिवंत आणि किडे मेलेले म्हणजे मेंढ्यांच्या अंगावरचे किडे मारायचं औषध," तो म्हणाला. "कुणीतरी मेंढ्या बुचकळायच्या हौदातलं पाणी सोडलंय किंवा सुटलंय. मी पर्यावरण खात्याला कळवतो आणि निघतो. पण खात्याची माणसं येईपर्यंत हे सगळं वाहून जाईल. तेग्वेन, तू वर चालत जा. जिथं जिवंत किडे सापडायला लागतील तिथं थांब. त्याच्या खालीच कुठेतरी ते आत आलंय. उघड्या हातानं पाण्याला शिवू नकोस. आणि कुणाच्या शेतात शिरू नकोस."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "तू येशील?"

मी आईकडे पाहिलं. आईनं दोन कप घेतले होते. डॉक्टरला विचारल्याशिवाय तिला सोडून मी कशी जाणार? तेग्वेनला ते कळलं. तिनं ट्रे रिकामा केला, जाळी उचलली आणि गेली. पुढचं सगळं तिनंच मला नंतर सांगितलं, एकदा नाही, पुष्कळदा.

ओढ्याच्या कडेनं मेंढ्यांची पायवाट वर जाते. थोडं चाललं की ती पाण्यात उतरायची, गोटे ढवळायची, ट्रे बघायची. मेलेलं. परत चालायचं, परत उतरायचं. मेलेलं. ऊन छान होतं, पाणी खळखळत होतं, आणि ती सांगते की तिला आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. नेहमी पाण्याजवळ शेपटी हलवत बसणारा तो काळापांढरा पक्षीसुद्धा दिसत नव्हता. तिच्या डाव्या बुटात पाणी झिरपत होतं. बूट जुनेच होते, रोजच झिरपायचे. आज मात्र तो ओला मोजा तिला विंचवासारखा वाटत होता. पाय बधिर झालाय का, हे बघायला ती दर थोड्या वेळानं बोटं हलवायची.

पण खरी भीती वेगळीच होती, आणि ती तिनं येस्टिनला सांगितली नव्हती. वर ओढ्याचे दोन फाटे होतात. डावा फाटा इद्वालच्या शेतावरून येतो. इद्वालनं त्याच आठवड्यात मेंढ्या बुचकळल्या होत्या. तिनं स्वतः त्याला दुपारचं जेवण नेऊन दिलं होतं.

संगमाशी पोचल्यावर ती दगडावर बसून राहिली. मनात आलं, इथूनच परत जावं. येस्टिनला सांगावं, दम लागला, जमलं नाही. भित्री बाई आहे, कुणाला आश्चर्य वाटणार नाही. मग ती उठली, आणि आधी डाव्या फाट्यातच उतरली. गोटे ढवळले, ट्रेमध्ये ओतलं, डोळे मिटले, उघडले.

ट्रे वळवळत होता. दोन शेपट्यांच्या, तीन शेपट्यांच्या, सगळ्या. एक कोळंबी आडवी होऊन कडेकडेनं पळत होती.

तेग्वेन तिथं पाण्यात उभी राहून रडली. आणि रडता रडताच तिच्या लक्षात आलं की आता उजवा फाटा उरला, आणि उजव्या फाट्यावर एकच शेत आहे.

उजव्या फाट्याच्या तोंडाशी तिनं गोटे ढवळले. सगळं मेलेलं होतं. आता थरथरणारं सुद्धा काही नव्हतं. येस्टिननं सांगितलं होतं तसं ती आणखी वर गेली, ब्लाइनच्या फाटकापर्यंत. फाटकाच्या वरच्या अंगाला ओढ्यात जिवंत किडे सापडले. म्हणजे काम झालं होतं. इथंच कुठेतरी ते आत आलं. तिनं वळून खाली जायचं, बस.

"मग का नाही वळलीस?" मी तिला नंतर विचारलं.

"कुत्रा भुंकत होता," ती म्हणाली.

"तो नेहमीच भुंकतो."

"तसं नव्हतं ते. मी दहा वर्षं त्याचं भुंकणं ऐकलंय. माझ्यावर भुंकतो तेव्हा तो जवळ जवळ येतो. हा एकाच जागी होता. आणि मध्येच रडल्यासारखं करत होता. एम्लिन त्याला दोन शिव्या घालून गप्प करतो. कुणी शिव्या घालत नव्हतं."

तिनं हाक मारली. "एम्लिन?" उत्तर नाही. पुन्हा मारली. मग तिनं फाटक उघडलं. कडी तिच्या हातातून दोनदा सुटली.

अंगणामागं मेंढ्या बुचकळायचा हौद आहे, जमिनीत खोदलेला लांबट खंदकासारखा. त्याच्या पलीकडे एम्लिन पडला होता. कमरेपर्यंत भिजलेला, एका कुशीवर, हातात मातीचा गोळा. हौदाच्या तळाचा पाइप फुटून औषधाचं पाणी रात्रभर ओढ्यात जात होतं. ते सकाळी लक्षात आल्यावर हा कोट नाही, हातमोजे नाहीत, तसाच आत उतरला होता भोक बुजवायला. हे पुढे कळलं. त्या वेळी तिला एवढंच दिसलं की त्याच्या तोंडातून लाळ वाहतेय, कपाळावरून घाम गळतोय, आणि हाताची बोटं आपोआप थरथरतायत. ट्रेमधल्या अळ्यांचे पाय थरथरत होते, अगदी तशी.

मॉट त्याच्या छातीपाशी उभा होता. तेग्वेन दिसल्यावर त्यानं भुंकणं थांबवलं आणि दात दाखवले.

ती घराकडे पळाली. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात भिंतीवर फोन. तिनं तातडीच्या मदतीचा नंबर फिरवला. पलीकडच्या बाईनं शांतपणे विचारलं, श्वास चालू आहे का. डोळ्यांच्या बाहुल्या कशा आहेत.

"मला माहीत नाही. जवळ कुत्रा आहे."

"कुत्रा बाजूला करता येईल का?"

"नाही."

"हेलिकॉप्टर निघतंय. पण तोपर्यंत त्यांचे भिजलेले कपडे काढायला हवेत. ते औषध कातडीतून आत जातंय. हातमोजे आहेत का तुमच्याकडे?"

"आहेत."

"घालूनच ठेवा. तोंडानं श्वास देऊ नका. कपडे काढा, भरपूर पाण्यानं धुवा, कुशीवरच ठेवा. ओढ्याचं पाणी नको. दुसरं आहे का?"

अंगणात झऱ्याचा नळ होता. त्याचं पाणी शेताच्या वरून येतं, हे टपाल वाटताना उन्हाळ्यात पाणी मागून पिणाऱ्या तेग्वेनला ठाऊक होतं.

फोन तसाच लोंबकळत ठेवून, तिथली कात्री उचलून ती बाहेर आली. स्वयंपाकघराच्या टेबलावरून उचललेला थंड मटणाचा तुकडा तिनं मॉटच्या पुढे टाकला. त्यानं ढुंकून पाहिलं नाही. तिनं जाळीचा दांडा दाखवला, तर तो आणखी खाली वाकून गुरगुरला. एम्लिनच्या घशातून घरघर येत होती, आणि ती घरघर लांबत चालली होती.

"मी त्याला सांगितलं," तेग्वेन म्हणते. "मॉट, मला तुझी भीती वाटते. पण हा मरतोय. तू चाव, मी काम करते."

ती सरळ पुढे गेली. मॉटनं तिचा डावा पाय धरला, गुडघ्याच्या खाली, बुटासकट. जाड रबर होतं, तरी दात आत आले. त्यानं सोडलं नाही आणि तीही थांबली नाही. पायाला लटकलेल्या कुत्र्यासकट तिनं एम्लिनचे बूट ओढून काढले, पँट कात्रीनं कापली, सदरा कापला. नळाची नळी तिथवर पुरत नव्हती. कुत्र्याला फरपटत ती नळापाशी गेली, बादली भरली, परत आली. ओतली. पुन्हा गेली. एम्लिनच्या डोळ्यांची पापणी तिनं वर केली तेव्हा बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होती. त्याला मध्येच ओकारी झाली, तिनं त्याचं तोंड बाजूला धरलं. सगळा वेळ ती मोठ्यानं बोलत होती, एम्लिनशी की कुत्र्याशी, तिलाही सांगता येत नाही. शेवटी कधीतरी मॉटनं पाय सोडला आणि तिथंच आडवा झाला, पंजांवर तोंड ठेवून.

हेलिकॉप्टर खालच्या कुरणात उतरलं. त्या लोकांनी एम्लिनला उताऱ्याचं इंजेक्शन दिलं आणि घेऊन गेले. तेग्वेनलाही नेलं, तपासायला. उड्डाणाचीही तिला फार भीती वाटते. पण त्या वेळी, ती सांगते, वाटायला भीती शिल्लकच नव्हती.

मी आणि आईनं तो दिवस दवाखान्यात काढला. आमच्यापर्यंत येईतो औषध इतकं पातळ झालं होतं की रक्तात काही सापडलं नाही. तरी महिनाभर मी रात्री उठून आईचा श्वास ऐकत होते. एकदा ती अंधारातच म्हणाली, "मी जिवंत आहे, झोप आता."

एम्लिन वाचला. बरेच आठवडे इस्पितळात होता. येस्टिन आणि खात्याच्या माणसांनी पाण्याचे नमुने नेले, हौदाला सील लागलं, कोर्टात केस उभी राहिली आणि त्याला दंड झाला. मेंढ्या बुचकळायचा परवानाही गेला. खोऱ्यात दोन तट पडले. काहींच्या मते तेग्वेननं त्याचा जीव वाचवला. काहींच्या मते तिनं त्याला पकडून दिलं. दुकानात कुणीतरी तिच्या पाठीमागं म्हणालं, "आवाज कमी करा, ओढ्याच्या पोलीसबाई आल्या." तिनं पाव तिथंच ठेवला आणि घरी निघून गेली. त्यानंतर कित्येक दिवस तिची खरेदी मीच करायचे. इद्वाल चिडून म्हणाला, "सोड ते मंडळ. चांगलं करायला गेलीस आणि काय मिळालं?"

"माझी जागा आहे ती," एवढंच ती म्हणाली. दर महिन्याला ती उतरत राहिली. फक्त आता आम्ही नियम केला, एकट्यानं कुणी जायचं नाही. तिच्याबरोबर मी जाते.

थंडीत एम्लिन तिच्या दाराशी आला. काठी धरून. मी तेव्हा तिथंच बसले होते. त्याचा उजवा हात थांबत नव्हता, म्हणून त्यानं तो कोटाच्या खिशात घातला होता, आणि खिसा हलत होता.

"आत ये," तेग्वेन म्हणाली. ती खुर्ची धरून उभी होती. मला तिची बोटं दिसत होती.

तो आला नाही. उंबऱ्याबाहेरच राहिला. "एक विचारायचं होतं. त्या दिवशी तू मला पकडायला आली होतीस, की कसं?"

"पाणी कुठून बिघडलं ते बघायला आले होते."

"म्हणजे पकडायलाच."

"हो," ती म्हणाली. "पण मग तू पडलेला दिसलास."

"पाइप गळतो हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "उन्हाळ्यापासून. कोर्टात मी नाही म्हणालो." मग, "पाय बरा आहे का तुझा?"

"व्रण राहिलाय. आता दोन्ही पायांना झाले."

त्याच्या तोंडाचा कोपरा किंचित हलला. तो गेला. तेग्वेन खुर्चीत बसली आणि मला म्हणाली, "माझी छाती बघ कशी धडधडतेय. मला वाटलं, मारायलाच आलाय."

वसंतात दोन शेपट्यांच्या अळ्या परत दिसल्या, थोड्याच. इद्वालच्या फाट्यावरच्या अळ्यांच्या माश्या होऊन त्या उडत आल्या आणि त्यांनी अंडी घातली असणार, असं येस्टिन म्हणाला. कोळंबीला पंख नाहीत, तिला चालत यावं लागतं. ती यायला पुढचा उन्हाळा उजाडला. आमच्या घरी अजून बाटलीचं पाणी येतं. आई कुरकुरते, चहाला चव नाही म्हणते. येस्टिन सांगतो की नळ आता सुरू करायला हरकत नाही. करीन एखाद्या दिवशी. अजून हात धजत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही उजव्या फाट्यात उतरलो होतो. एम्लिन काठावर येऊन थांबला, पाण्यापासून चांगला लांब. त्यानं बहुतेक मेंढ्या विकल्या आहेत.

"आहेत का?" त्यानं वरूनच विचारलं.

"आहेत," तेग्वेन म्हणाली. "ये, बघ."

तो पुढे आला नाही. "नको. मला अजून त्या पाण्याजवळ यायला भीती वाटते."

तेग्वेननं ट्रे दोन्ही हातांत उचलला, पाणी सांडू न देता काठ चढली आणि त्याच्यापाशी नेऊन धरला. दोघं वाकून बघत उभे राहिले. ती त्याला एकेकाचं नाव सांगत होती.